जुन्या पिस्तुलाचे मोल कशात? तारापूरच्या तटापासून हार्टफर्डच्या कारखान्यापर्यंत

१. ऑगस्ट २०२१ मध्ये लॉस एंजेलिस येथील एका लिलावात एक जुने कोल्ट रिव्हॉल्व्हर साठ लाख डॉलरांहून अधिक किमतीला विकले गेले. त्याच्यावर सोन्याचे काम नव्हते आणि घडणीतही काही आगळे नव्हते. १८७३ साली बाजारात आलेल्या या नमुन्याची १९४० पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक पिस्तुले बनली. त्यांतले चांगल्या स्थितीतले पिस्तूल आजही या रकमेच्या अगदी क्षुल्लक अंशात मिळते. मग एकाच साच्यातल्या दोन वस्तूंच्या किमतीत एवढे अंतर कसे पडले? जुन्या शस्त्रांच्या संग्रहामागचे सारे शास्त्र या एका प्रश्नात आहे, आणि पालघर-बोईसरच्या तरुण इतिहासप्रेमींनाही तो लागू पडतो.

२. उत्तर कागदात आहे. १४ जुलै १८८१ रोजी न्यू मेक्सिकोतील फोर्ट सम्नर येथे शेरीफ पॅट गॅरेट याने ‘बिली द किड’ या कुप्रसिद्ध तरुणाला ज्या पिस्तुलाने मारले, ते हे पिस्तूल. पण ही कथा सांगायला कोणीही सांगू शकतो. या पिस्तुलाच्या बाबतीत ती सिद्ध करता आली, कारण गॅरेटच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने ते परत मिळवण्यासाठी १९३० च्या दशकात न्यायालयात दाद मागितली आणि ती दावा जिंकली. त्या दाव्याचे कागद उरले, म्हणून हातबदलांची साखळी उरली. लिलावात बोली लागली ती या साखळीवर. पोलाद केवळ तिच्याबरोबर आले.

३. आता पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे वळू. जानेवारी १७३९. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत मराठी फौजांनी पोर्तुगिजांच्या तारापूर किल्ल्याला मोर्चे लावले, तटाखाली सुरुंग उडवले आणि हातघाईच्या लढाईनंतर किल्ला घेतला. बाजी भिवराव रेठरेकर यांच्यासारखा सरदार तिथे कामी आला. पुढे त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. किल्ला, तारखा, सेनानी आणि धारातीर्थी पडलेल्यांची नावे इतिहासाला ठाऊक आहेत. मात्र त्या दिवशी तटावर आणि तटाखाली ज्या बंदुका धडाडल्या, त्यांतली नेमकी ही एक, असे बोट ठेवून दाखवता येईल अशी बंदूक आज कुठल्या दालनात आहे?

४. त्या बंदुका ठासणीच्या होत्या. नळीत दारू ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, मग तोडा किंवा चकमक यांच्या ठिणगीने बार उडवायचा. एक बार झाला की पुढच्या बारापर्यंत बंदूकवाला जवळजवळ निःशस्त्र. म्हणूनच खिंडार पडताच निर्णय तलवारी आणि भाल्यांवर येई. ‘एका हत्याराने लागोपाठ अनेक बार’ हे स्वप्न जुने होते, आणि फिरत्या कोठ्यांची हत्यारे कोल्टच्या आधीही घडली होती. परंतु ती महाग, नाजूक आणि एकेका कारागिराच्या हातची. तारापूर पडल्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी हे स्वप्न कारखान्यात उतरले.

५. त्या गोष्टीत हिंदुस्थान आरंभीच येतो. १८३० साली सॅम्युअल कोल्ट नावाचा सोळा वर्षांचा मुलगा ‘कॉर्व्हो’ जहाजावर खलाशी म्हणून चढला आणि कलकत्त्याच्या सफरीला निघाला. त्या सफरीत त्याने फिरत्या कोठ्याच्या पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. जहाजाचे सुकाणूचक्र पाहून त्याला कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. कोणी दोर गुंडाळण्याच्या रहाटाचे नाव घेतात. आख्यायिकेला पाठभेद असतात. लाकडी नमुन्याचे तुकडे मात्र हार्टफर्डच्या वॉड्सवर्थ अ‍ॅथेनियम संग्रहालयात आहेत. आख्यायिका कुठे संपते आणि पुरावा कुठे सुरू होतो, हे ओळखायला शिकवणारा यापेक्षा सोपा धडा नाही.

६. २५ फेब्रुवारी १८३६ रोजी कोल्टला अमेरिकी पेटंट मिळाले. न्यू जर्सीतील पॅटर्सन येथे कारखाना निघाला आणि १८४२ मध्ये बुडालाही. मेक्सिकोशी युद्ध सुरू झाल्यावर कॅप्टन सॅम्युअल वॉकर यांच्या सूचनांनुसार १८४७ मध्ये एक प्रचंड सहाबारी पिस्तूल तयार झाले; वजन सुमारे दोन किलो. कोल्टजवळ तेव्हा स्वतःचा कारखाना नव्हता, म्हणून ते एली व्हिटनी धाकटे यांच्या कारखान्यात बनले. संख्या जेमतेम अकराशे. आज संग्राहक ‘वॉकर’ हे नाव दबक्या आवाजात घेतात. त्याच्या दुर्मीळपणाची कारणे अशी साधी आहेत: थोडे बनले, युद्धात वापरले गेले आणि त्यांतले बरेच तिथेच संपले.

७. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टने आपली शेकडो हत्यारे मांडली. त्याच वर्षाच्या नमुन्याला ‘नेव्ही’ म्हणतात. त्याच्या फिरत्या कोठ्यावर १६ मे १८४३ च्या एका सागरी लढाईचे चित्र साच्याने दाबून उमटवलेले असे. हा नमुना अडीच लाखांच्या आसपास बनला. त्यांतली सुमारे बेचाळीस हजार पिस्तुले कोल्टच्या लंडनमधील कारखान्यातली, जो १८५३ मध्ये सुरू होऊन काही वर्षांतच बंद पडला. लंडनच्या पिस्तुलांच्या नळीवर लंडनचा पत्ता आणि ब्रिटिश चाचणीचे शिक्के असतात. अमेरिकेतल्या पिस्तुलांवर बहुधा न्यूयॉर्कचा पत्ता असतो. दोन ओळींचा पत्ता एखाद्या वस्तूचा अर्धा जीवनप्रवास सांगून जातो.

८. हे शिक्के हिंदुस्थानच्या संदर्भात फार बोलके ठरतात. कंपनी सरकारचे अधिकारी आपली पिस्तुले बहुधा पदरच्या पैशाने विकत घेत. कोणी कोल्ट घेई, कोणी इंग्रज प्रतिस्पर्धी रॉबर्ट अ‍ॅडम्सचे. १८५७ च्या रणधुमाळीत दोन्ही घराण्यांची पिस्तुले या भूमीवर चालली. म्हणजे एकोणिसाव्या शतकातले अमेरिकी रिव्हॉल्व्हर ही आपल्याकडे केवळ चित्रपटातली परदेशी वस्तू नाही. ती एका सत्तेच्या पट्ट्याला लटकून आलेली वस्तू आहे. संग्रहकाने ती हातात घेताना तिच्या नळीच्या कोणत्या टोकाला आपले पूर्वज उभे होते, याचे भान ठेवले पाहिजे.

९. कोल्टचे खरे कर्तृत्व मात्र हत्याराइतकेच ते बनवणाऱ्या यंत्रांत आहे. १८५५ मध्ये हार्टफर्ड येथे उभा राहिलेला कारखाना आणि तेथील एलिशा रूट यांची यंत्ररचना यांनी एकाच मापाचे भाग हजारोंनी पाडण्याची पद्धत पुढे नेली. याच कारखान्यात काम केलेल्या फ्रान्सिस प्रॅट आणि अ‍ॅमॉस व्हिटनी यांनी १८६० मध्ये स्वतःची यंत्रशाळा काढली, आणि तिच्या यंत्रांनी पुढे जगभरच्या कारखान्यांना माप दिले. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एखादा तरुण मिलिंग यंत्रावर सुटा भाग कापून गेजने तपासतो, तेव्हा तो त्याच परंपरेतले काम करीत असतो. पिस्तुलाला हातही न लावता त्याचा इतिहास समजून घेण्याची वाट त्याच्या कामाच्या टेबलावरून जाते.

१०. या गौरवकथेला एक दुरुस्ती जोडायला हवी. कोल्टच्या पिस्तुलांचे सारे भाग हवे तसे अदलाबदल करता येत, हा समज अतिरंजित आहे. यंत्रावरून उतरलेले भाग कारागीर कानशीने घासून एकमेकांशी जुळवीत. मग पुढील प्रक्रियेत त्यांची ताटातूट होऊ नये म्हणून सांगाडा, नळी, फिरता कोठा, चापाची कमान यांवर एकच अनुक्रमांक ठोकीत. आज संग्राहक ‘सारे क्रमांक जुळणारे’ पिस्तूल शोधतात, त्याचे मूळ कामगाराच्या या सोयीत आहे. यंत्रयुगाच्या अपूर्णतेची ही खूण पुढे अस्सलपणाची खूण झाली.

११. कायद्याने तंत्राला कसे वळण लावले, तेही पाहण्यासारखे आहे. रोलिन व्हाइट याने ३ एप्रिल १८५५ रोजी आरपार छिद्रांच्या कोठ्याचे पेटंट घेतले, आणि त्याच्या आधारे स्मिथ अँड वेसन यांनी १८५७ पासून धातूच्या काडतुसाचे रिव्हॉल्व्हर विकले. ते पेटंट १८६९ पर्यंत टिकले. तोवर कोल्टला दारू, गोळी आणि टोपीच्या जुन्या पद्धतीवरच राहावे लागले. म्हणून अमेरिकी यादवी युद्धातली बहुतेक रिव्हॉल्व्हरे ठासणीचीच आहेत. चकचकीत काडतुसाचे कोल्ट दाखवून ‘यादवी युद्धातले’ म्हणणाऱ्या विक्रेत्याला हे एक सालच उघडे पाडते.

१२. त्या यादवी युद्धाचा धक्का पालघरच्या किनाऱ्यापर्यंत पोचला, पण कापसाच्या रूपाने. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकी कापूस इंग्लंडला पोचेना; मुंबईच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले आणि युद्ध संपताच ती संपत्ती कोसळली. त्याच वर्षांत, १८६४ मध्ये, बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग गुजरातेतून उतरत मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचला. आज पालघर आणि बोईसरची माणसे ज्या रुळांवरून रोज मुंबईला जातात, ते हेच. हार्टफर्डच्या भट्ट्या आणि या रुळांवरची कापसाची गाठोडी एकाच युद्धाच्या दोन बाजू होत्या.

१३. मग आले १८७८ साल. लिटनच्या कारकिर्दीत शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाला हत्यार बाळगण्यासाठी परवाना अनिवार्य झाला. युरोपियनांना सूट राहिली. राष्ट्रीय सभेने १८८७ च्या मद्रास अधिवेशनात या कायद्याविरुद्ध ठराव केला. त्याच १८७८ साली आणखी एक कायदा झाला, तो गुप्तधनाचा: जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणे बंधनकारक. एका कायद्याने घरातले हत्यार संशयास्पद ठरवले, दुसऱ्याने जमिनीतली वस्तू नोंदीत आणली. पुढे हत्याराच्या वाट्याला भीती तेवढी आली, नोंद मात्र फारशी आली नाही.

१४. भीतीचा परिणाम घरोघर झाला. परवान्याच्या भानगडीला कंटाळून कोणी आजोबांची ठासणीची बंदूक विहिरीत टाकली, कोणी भंगारात दिली, कोणी माळ्यावर गोणपाटात गुंडाळून विसरून गेले, अशा हकिगती महाराष्ट्रातल्या कुठल्याही जुन्या गावात ऐकू येतात. वस्तू गेली त्याचे दुःख आहेच. त्याहून मोठी हानी अशी की ती कोणाची होती, कुठून आली, कोणत्या प्रसंगी वापरली गेली, हे सांगणारे अखेरचे माणूसही तिच्यामागोमाग गेले. बंदूक राहिली आणि माणूस गेले, तरी इतिहासाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही.

१५. आजचा कायदा काय म्हणतो? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये जुन्या घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या हत्यारांना सूट आहे. पण दुरुस्त करून अथवा न करता त्यांतून बार उडू शकत नसेल, तरच. म्हणजे भारतात केवळ वय सूट देत नाही. अमेरिकेत १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेले हत्यार संघीय कायद्याने सर्वसाधारणपणे ‘पुरातन’ गणले जाते आणि नेहमीच्या बंधनांतून सुटते. अमेरिकी चित्रफिती पाहून भारतात तसाच व्यवहार करू पाहणारा तरुण या एका फरकामुळे गुन्हेगार ठरू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानाधारकालाही दोनच बंदुका ठेवता येतात.

१६. दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वा कलात्मक मोलाची वस्तू ही पुरावस्तू. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय संरक्षित स्मारकात परवानगीवाचून खोदणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. मोबाइलवर ‘अँटिक’ म्हणून पिस्तुलाचे छायाचित्र पाठवून घासाघीस करणाऱ्या अनोळखी माणसाशी बोलताना, किंवा धातुशोधक यंत्र घेऊन किल्ल्यात उतरताना, हे सारे लक्षात असावे. अज्ञान हा न्यायालयात बचाव होत नाही.

१७. संग्राहकांची तक्रार मात्र खोटी नाही. खाजगी छंदिष्टांनी सांभाळले नसते तर कितीतरी वस्तू भट्टीत गेल्या असत्या. कायदा मोडण्याच्या भीतीने लोक वस्तू दडवतात, हेही खरे. परंतु अमेरिकेसारखी सालाची रेषा आखा, ही मागणी येथे टिकत नाही. १८५१ चे ठासणीचे पिस्तूल सुस्थितीत असेल, तर काळी दारू आणि टोपी मिळताच आजही ते माणूस मारू शकते. वयाने पोलादाचा धर्म बदलत नाही. मागणी करायची तर ती नोंदणीची करावी: घरातले वारसाहक्काचे जुने हत्यार निर्भयपणे पुढे आणता येईल, तज्ज्ञ ते पाहतील, बार उडणार नाही अशी खात्री करतील, आणि जप्त वा जमा झालेले कोणतेही जुने हत्यार नष्ट करण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, मापे आणि शिक्के टिपले जातील.

१८. नोंद इतकी महत्त्वाची का, याचे उत्तर नकलांच्या बाजारात मिळते. कोल्टच्या हयातीतच बेल्जियममधील लिएज येथे परवान्याने आणि परवान्यावाचूनही त्याच्या प्रतिकृती बनत. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून इटलीत ‘नेव्ही’ आणि ‘वॉकर’ यांच्या हुबेहूब प्रती निघू लागल्या. त्यांवरचा इटालियन चाचणीचा शिक्का घासला, आम्लात बुडवून गंज चढवला, की भाबडे गिऱ्हाईक फसते. जुळणारे क्रमांकही नव्याने ठोकता येतात. भरीला फेब्रुवारी १८६४ मध्ये हार्टफर्डच्या कारखान्याला आग लागली आणि कार्यालयही जळाले. त्यामुळे आधीच्या पिस्तुलांचे कारखान्यातले कागद तुटपुंजे आहेत. जिथे मूळ कागद नाही, तिथे कथा विकली जाते.

१९. अस्सल वस्तूला दुसरा शत्रू आहे, तो प्रेम. सापडलेली वस्तू वाळूने, तारेच्या ब्रशने किंवा चिंचेने घासून लखलखीत करण्याची हौस तिच्यावरचे शिक्के, कोरीव चित्र आणि मूळ निळसर झाक कायमची पुसून टाकते. तारापूर, केळवे, माहीमच्या खाऱ्या वाऱ्यात लोखंड भराभर गंजते, कारण मिठातले क्लोराइड धातूच्या आत शिरून बसते. हाताचा घामही तेच करतो. म्हणून जाणकार हातमोजे घालतात, वस्तू कोरड्या आणि स्थिर हवेत ठेवतात, मेणाचा पातळ थर देतात आणि गंज काढण्याचे काम प्रशिक्षित संवर्धकावर सोपवतात. पावसाळ्यापूर्वी घासूनपुसून ठेवणे ही घरकामातली उत्तम रीत आहे. पुरावस्तूला ती मारक ठरते.

२०. मग अशा वस्तू कुठे असाव्यात? हार्टफर्डचे उदाहरण अनुकरणीय आहे. सॅम्युअल कोल्टच्या पत्नी एलिझाबेथ यांनी १९०५ मध्ये आपल्या मृत्युपत्राने खाजगी संग्रह त्याच शहरातल्या वॉड्सवर्थ अ‍ॅथेनियमला दिला. १९५७ मध्ये कंपनीचा संग्रह कनेटिकटच्या राज्य ग्रंथालयाकडे गेला. जिथे वस्तू बनल्या, त्या गावाची शाळकरी मुले त्या फुकट वा अल्प दरात पाहतात. महाराष्ट्रातही दिनकर केळकर यांनी अडकित्ते, दिवे आणि शस्त्रे अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि अकाली गेलेल्या मुलाच्या नावाने पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे करून ते सरकारला दिले. संग्राहकाच्या हौसेची ती सर्वोच्च परिणती होय.

२१. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी जन्मला. वसई, अर्नाळा, माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर अशी किल्ल्यांची माळ आणि जव्हारचे संस्थान एवढा वारसा ज्याच्या पदरी आहे, त्या जिल्ह्याच्या शस्त्रेतिहासाची एकसंध यादी असणे ही चैन नव्हे. तारापूरच्याच नावाने उभ्या असलेल्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे. १९६९ पासून ते चालू झाले. त्या अमेरिकी यंत्राच्या सुट्या भागांनाही क्रमांक, तारीख आणि तपासणीचा कागद असतो. त्याच तारापूरच्या किल्ल्यासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांच्या हत्यारांना मात्र साधी वहीदेखील नसावी, हा विरोध बोचणारा आहे.

२२. आणि शस्त्राच्या नोंदीत समोरच्या बाजूचेही नाव हवे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी ‘चले जाव’ आंदोलनात पालघरच्या कचेरीवर मोर्चा गेला, पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच जण हुतात्मा झाले. त्यांचा स्तंभ शहरात आहे, दरवर्षी त्या दिवशी त्यांना वंदन होते. गोळ्या कोणत्या बनावटीच्या बंदुकांतून सुटल्या, हे कोणी स्तंभावर कोरले नाही. कोरण्याची गरजही नव्हती. गॅरेटच्या पिस्तुलाला साठ लाख डॉलर मिळाले, पण एकवीस वर्षांचा जो मुलगा त्याच्या बाराने मेला, त्याच्यामुळेच ती किंमत आली. पालघरने स्मरणासाठी हत्याराऐवजी माणसे निवडली. शस्त्रसंग्राहकाने या निवडीपुढे नम्र व्हावे.

२३. तरुण इतिहासप्रेमीला काय करता येईल? हत्यार विकत घेण्याची गरज नाही. एक वही पुरे. गावात, नात्यात, देवळात, वाड्यात असलेल्या जुन्या शस्त्राची मालकाच्या संमतीने नोंद करावी: लांबी आणि नळीचा व्यास, प्रत्येक शिक्क्याचे छायाचित्र, पूर्ण अनुक्रमांक, वस्तू घरात कोणाकडून आणि केव्हा आली, ही माहिती कोणी व कोणत्या तारखेला सांगितली. ऐकीव आणि सिद्ध गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहाव्यात. बार उडू शकेल अशी शंका असेल, तर चाप वा घोडा ओढून पाहू नये. नळी भरलेलीच आहे असे मानावे आणि पोलिसांना कळवण्याचा सल्ला मालकाला द्यावा. नोंदवही उघड्यावर प्रसिद्ध करताना घराचा पत्ता गाळावा, नाहीतर ती चोराची मार्गदर्शिका होईल.

२४. वस्तू एकाच्या कपाटातून दुसऱ्याच्या कपाटात जातात. लिलावात किमती चढतात आणि उतरतात. आजोबांना नातवाने एका दुपारी विचारलेला प्रश्न आणि त्याचे तारखेसह लिहून ठेवलेले उत्तर यांना बाजारभाव नाही, पण त्यांच्यावाचून सर्वांत दुर्मीळ पिस्तूलही मुके लोखंड असते. तारापूरच्या तटाखाली १७३९ मध्ये कोणी वही धरून उभे नव्हते. आज माळ्यावरच्या गोणपाटातली ठासणीची बंदूक अजून आहे, आणि तिची हकिगत सांगणारे म्हातारे माणूसही कुठे कुठे अजून आहे. त्यांतले आधी कोण जाईल, हे सांगता येत नाही. (धागा समाप्त)